गहू नसलेलं घर

काल दुपारी तुम्ही आमच्या वावरातून आले, डाक्तर. मी बांधावर, आमच्या धुऱ्यावर, बाभळीखाली आडवा होतो. डोळे मिटलेले होते का उघडे, ते मले सांगता येत नाही. यंदा ज्वारी डोक्याच्या वर गेली आहे. अशा ज्वारीतून कोणी चालत आलं की आधी माणूस दिसत नाही, नुसती कणसं हालत येतात. तशी कणसं हालत आली. मग तुमची खाकी पिशवी दिसली, मग तुम्ही. पायात चप्पल नव्हती, लहानपणी नसायची तशी. तुम्ही उभे राह्यले अन् नेहमीसारखं विचारलं, "आबा, आज काय खाल्लं?" मी तोंड उघडणार तर वारा पडला. कणसं थांबली. तुम्ही नव्हतेच.

तुम्हाले जाऊन आज बारा दिवस झाले. डोणगावले तुमच्यासाठी सभा झाली. तुम्ही कुठं शिकले, कुठं कुठं नोकरी केली, एस.टी.च्या खिडकीशी बसल्या बसल्या कसे गेले, ते सारं एका मास्तरनं कागदावरून वाचलं. बरोबरच असेल. मग मले म्हटलं, आबा, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठलो. समोर किती लेकुरवाळ्या बाया बसल्या होत्या, डाक्तर. मी म्हटलं, मले काही सांगायचं नाही, अन् खाली बसलो. लोकाईले वाटलं असेल, म्हातारा अजून ताठच आहे. वाटू द्या.

घरी आल्यावर माझ्या नातीनं, मंजुळानं, तिची एक कोरी वही माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "आबा, बोलता येत नाही तर लिहा." माझी शाळा तिसरीपर्यंतची. अक्षर बैल मुतल्यासारखं जाते. तरी लिहून राह्यलो. मध्ये कोणी बोलू नये, एवढंच सांगून ठेवलं आहे घरात.

पहिलं कबूल करतो. मी तुमच्या दवाखान्यात आलो नव्हतो. तुम्ही डोणगावले सरकारी डाक्तर होऊन आले, तेव्हा आमचं अर्धं गाव चालत तुमच्याकडे यायचं. माझ्या नातीचं पोट फुगून राह्यलं होतं, हातपाय काड्या झाले होते, अन् मी तिले घेऊन तालुक्याले गेलो, मग अकोल्याले गेलो, पण तीन कोसावर तुमच्याकडे आलो नाही. कारण तुम्ही गयाबाईचे सुखदेव. आमच्याच गावच्या खालच्या मोहल्ल्यातले. गयाबाई आमच्या दारात टोपलं घेऊन उभी राहायची अन् माझी माय वरून त्यात भाकर टाकायची. तिच्या लुगड्याले धरून एक पोरगं टोपल्यात वाकून पाहायचं. ते पोरगं माझ्या नातीले तपासणार, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

मंजुळा तेव्हा तीन वर्षांची होती. आमच्या घरात तीन पिढ्या पोरगी नव्हती. ती जन्मली तेव्हा मी गावात गूळ वाटला. माझ्या बापानं जन्मभर ज्वारी खाल्ली, गहू पाहायचा तो सणाले. मी विहीर खोदली, बन्सी गहू पेरला अन् घरात रोजची पोळी आणली. कोणी विचारलं, आबा, काय कमावलं, तर मी म्हणायचो, या घरात रोज पोळी होते. मंजुळाले पहिला घास दिला तो गव्हाच्या खिरीचा. मी बोलून बसलो होतो की माझ्या नातीच्या तोंडात ज्वारी जाणार नाही. माझ्या मांडीवर बसवून, दुधात पोळी कुस्करून, मी माझ्या हातानं चारायचो.

अन् ती वाळत गेली. वर्षाची होती तेव्हा चालायची, दोनाची झाली तर बसून राहायची. पोट नगाऱ्यासारखं. ढुंगणावरची कातडी माझ्या गालासारखी लोंबलेली. केस तांबडे पडले. कोणी हात लावला की किरकिर. तालुक्याच्या डाक्तरनं जंताचं औषध दिलं, अकोल्याच्या डाक्तरनं टॉनिकच्या बाटल्या दिल्या. मग आमच्यातल्या एका जाणत्या बाईनं पोटावर बिब्ब्याचे चार चटके दिले. पाय मी धरले होते. हे मी तुम्हाले कधी सांगितलं नाही. तुम्ही ते चार डाग पाह्यले, त्यावर नुसता तळहात ठेवला, अन् विचारलंबी नाही की कोणी धरलं होतं.

ती सकाळ मले अजून स्वच्छ दिसते. रविवार होता, तुम्ही मायले भेटाले आले होते. खालच्या मोहल्ल्याकडचा रस्ता आमच्या ओट्यापुढून जाते. मंजुळा ओट्यावर बसली होती, माशा हाकलाचीबी ताकद नव्हती तिच्यात. तुम्ही सायकलवरून उतरले. रस्त्यावरच उभे राह्यले. बराच वेळ नुसतं पाहत होते. मग विचारलं, "आबा, ही काय खाते?"

मी म्हटलं, "माझ्या घरात खाण्याची कमी आहे काय बे?"

एवढ्या शिकलेल्या माणसाले मी बे म्हटलं. तुम्ही रागावले नाही. म्हटलं, "कमी नाही, म्हणूनच इचारून राह्यलो."

मग तुम्ही म्हटलं, पोरीची शी दाखवा. मले वाटलं, हा माझी टिंगल करते. माझी म्हातारी तर पदर तोंडाले लावून आत गेली. मी म्हटलं, आजपर्यंत एवढे डाक्तर झाले, कोणी असली घाण मागितली नाही. तुम्ही सायकल कुडाले टेकवली अन् म्हटलं, "लेकराले बोलता येत नाही, आबा. त्याची शी बोलते." अन् खरंच परसात जाऊन तुम्ही उकिडवे बसले. काडीनं उलटून पाह्यलं. पांढरट, ढीगभर, तेलकट, एका लोट्यानं जमिनीवरून न हटणारी. किती वेळा होते, वास कसा येते, वर तवंग दिसते का, सारं विचारलं. मले यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या मांडीवर बसून खाणारी पोरगी, अन् तिचं पुढं काय होते ते मले माहीत नव्हतं.

तेव्हा तुम्ही म्हटलं, "जे धुते, तिले बोलवा."

माझी सून तोपर्यंत माझ्यापुढं कधी बोलली नव्हती. चार वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती दाराआड उभी राह्यली अन् तुम्ही ओट्यावर पाठमोरे बसले, म्हणजे तिले लाज वाटू नये. अन् ती बोलाले लागली, डाक्तर. थांबेचना. तिचं माहेर देऊळगाव राजाकडचं, कोरडवाहू लोक. ती सांगे, माहेरी गेलं की पंधरा दिवसांत पोरीचं पोट उतरते, हसते, अंगणात चालते. इथं आली की आठ दिवसांत पुन्हा तेच. माहेरची माणसं म्हणतात, सासरच्या घराले नजर आहे. मी मधातच गरजलो, माझ्या घराले नजर? तुम्ही माझ्याकडे न पाहता हात वर केला, जसा मास्तर करते. अन् मी गप बसलो. मले आजबी नवल वाटते की मी गप बसलो.

तुम्ही पिशवीतून वही काढली. माहेरी काय खाते, इथं काय खाते, असं समोरासमोर लिहिलं. माहेरी भाकर, कण्या, ताक, मुगाचं वरण. इथं पोळी, शिरा, शेवया, रोडगा, कुरडई. ती सांगत गेली, तुम्ही लिहीत गेले, अन् मी शेजारी बसून माझ्याच घरचं वैभव ऐकत होतो. ऐकताना छाती फुगत होती, खरं सांगतो. तुम्ही वही मिटली अन् म्हटलं, "आबा, गहू बंद करा."

मी म्हटलं, कोणाचा.

"पोरीचा. पोळी, शिरा, शेवया, सारं. प्रसादाचाबी. भाकर द्या."

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते आज लिहितो. ज्याच्या टोपल्यात आम्ही भाकर टाकली, तो आता माझ्या नातीले भाकरीवर आणून राह्यला, असं आलं. मी तुम्हाले ओट्यावरून उतरा म्हटलं. तुम्ही उतरले. सायकल घेतली अन् रस्त्यावरून सांगितलं, ऐका नाहीतर नका ऐकू, पण हे ऐकून ठेवा. माणसाच्या आतड्याले आतून लव असते, घोंगडीले असते तशी. त्या लवेनं ते अन्न धरते. काही काही लेकराईले गहू सोसत नाही. गहू लागला की ती लव झडते, आतडं झिजल्या घोंगडीवानी सपाट होते, अन् मग तुम्ही दूध द्या का तूप द्या, सारं वाहून जाते. गहू काढला की लव पुन्हा येते.

अन् एक गोष्ट सांगितली. कोणत्या तरी दूरच्या देशात लढाईच्या दिवसांत पाव मिळेनासा झाला. सारी माणसं उपाशी. पण अशी पोट फुगलेली लेकरं तेवढी सुधारली. पुढं पाव आला अन् ती पुन्हा पडली. देशाचं नाव मी विसरलो. पण ती लेकरं मले अजून दिसतात, डाक्तर. दुपारी डोळा लागला की येतात. गोरी गोरी, बर्फात उभी. कोणीतरी त्यांच्या हातातला पाव काढून घेऊन राह्यलं अन् ती हसून राह्यली. त्यांच्यात मधेच आमची मंजुळा उभी असते, तिच्या बाजूले तुम्ही, टोपल्यात वाकून पाहणारे.

तुमचं ऐकलं ते मी नाही, माझ्या म्हातारीनं. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेले अन् पोरीले देऊळगाव राजाच्या गाडीत बसवून दिलं. मले म्हटलं, तुमची पोळी तुम्ही खा. दोन महिन्यांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी मंजुळा परत आली ती चालत. रस्त्यावरून पळत ओट्यावर चढली. गालावर मांस होतं. मले म्हणाली, "आबा, उचल."

आता तुमची माझी खरी लढाई इथं आहे, अन् ती मी तुमच्यापुढं कधी लढलो नाही. खोटं बोलून मोकळा झालो. पोळ्याच्या दिवशी माझ्या दारात सजवलेल्या बैलाईले पुरणाची पोळी चारली. बैलाले पोळी, गड्याईले पोळी, अन् माझी नात कोपऱ्यात भाकर चघळते. मले ते पाहवलं नाही. मी तिले कडेवर घेतलं, गोठ्यात नेलं, अन् बैलापुढची अर्धी पोळी तुपात बुडवून तिच्या तोंडात दिली. ती इतकी खूश झाली. दुसऱ्या दिवशीबी दिली, तिसऱ्याबी. म्हटलं, आता तर बरी झाली, आता काय होते.

आठव्या दिवशी ती उठेना. पाण्यासारखं जुलाब, ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. तुम्ही धावत आले. पहिला प्रश्न तोच, काय खाल्लं. मी म्हटलं, भाकरच. म्हातारीनं म्हटलं, भाकरच. सुनेनं म्हटलं, भाकरच. त्या दोघी खऱ्या होत्या. तुम्ही परसात जाऊन आले, हात धुतले, अन् माझ्यापुढं उभे राह्यले. तुमचे डोळे लाल झाले होते. हळूच म्हटलं, "आबा, गहू दिला की खरंच पडते का, हे मले एकदा देऊन पाहाचं होतं. माझी हिंमत झाली नव्हती. तुम्ही पाह्यलं. आता पक्कं झालं." अन् मग सूनबाई ऐकत नाही असं पाहून, "आता पुन्हा पाहू नका, मरेल ती."

तुम्ही मले सर्वांसमोर उघडं पाडलं असतं तर मी भांडलो असतो. तुम्ही पाडलं नाही. म्हणून मी बारा वर्षं वाकून चालतो आतून, वरून ताठ दिसतो ते वेगळं.

तुम्ही दोन दिवस आमच्या ओट्यावर राह्यले. पेजेचं पाणी, मीठ, चमचा चमचा. जीव वाचला. पण ती पुढं सरकेना. गव्हाचा दाणा तिच्या ताटात नव्हता, मी शपथ घेतली होती, तरी पोट फुगलेलंच. बस सोसायची नाही, नाल्याले पूर, म्हणून माहेरी नेता येईना. तुम्ही रोज सायकल काढून यायचे अन् तीच वही उघडून बसायचे. एका दुपारी घरात कोणी बोलत नव्हतं, आत सून दळत होती. घरघर, घरघर. तुम्ही डोळे मिटून ऐकत होते. मले वाटलं, डाक्तरले डुलकी लागली. तुम्ही एकदम विचारलं, "काय दळते?" म्हटलं, पोरीसाठी ज्वारी. "अन् सकाळी काय दळलं?" म्हटलं, गहू.

तुम्ही उठून जात्याजवळ बसले. वरची तळी उचलाले लावली. खालच्या तळीच्या टाक्यांतून नखानं पीठ काढलं, पांढरं, पिवळं, मिसळलेलं. गिरणीतबी तेच, तुम्ही म्हटलं. एका दगडावर सारं गाव दळते. या पोरीले एवढंसं पीठबी पुरते.

नवीन जातं आणू म्हटलं. पण आमच्याकडे जाती घडवणारे लोक दिवाळीनंतर येतात, अन् तोपर्यंत दोन महिने होते. तुम्ही पिशवी खांद्याले लावली. म्हटलं, "ज्या घरात गहू येतच नाही, असं एखादं घर पाहा. तिथून भाकर आणा."

तुम्ही घराचं नाव घेतलं नाही. मी तीन दिवस विचार केला. माझे भाऊबंद, सोयरे, शेजारी, एकेक घर डोळ्यांपुढं आणलं. साऱ्याईच्या घरात थोडा का होईना गहू होता. मीच तर गावाले गव्हाची गोडी लावली होती. गहू नसलेलं घर मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुम्हालेबी माहीत होतं. ते तुमच्या मायचं होतं.

ज्या साली तुमच्या मोहल्ल्यानं दीक्षा घेतली, त्या सालापासून गयाबाईनं गावात भाकर मागणं बंद केलं होतं. मी तेव्हा चावडीवर म्हटलं होतं, पाहू किती दिवस. ती मजुरीले गेली, ज्वारी काढाले गेली, पण आमच्या दारात पुन्हा उभी राह्यली नाही. अन् आता मी तिच्या दारात. हातात पितळेचा डबा. मोहल्ल्यातली लेकरं माझ्या मागं मागं आलेली. तुमची माय जात्यावर बसली होती. मी दारात उभा राह्यलो अन् डबा पुढं केला. गयाबाईनं खुंटा सोडला. माझ्याकडे पाह्यलं, डब्याकडे पाह्यलं.

"आबा, बसा आधी," म्हणाली. "उभ्या माणसाले मी भाकर देत नाही."

मी उंबऱ्याच्या बाहेर बसलो. आत नाही गेलो. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, त्याखाली तुमचा, शाळेतला. चुलीवर भाकर फुगली, तिनं ती फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली. पाणी पुढं केलं. मी म्हटलं, आताच पिऊन आलो. तिनं लोटा परत नेला. असा मी दोन महिने रोज गेलो. रोज बसलो. रोज आताच पिऊन आलो.

मंजुळानं त्या भाकरीवर डोळे उघडले. दिवाळीनंतर नवीन जातं आलं, त्यावर आजवर ज्वारीशिवाय काही पडलं नाही. तिचं पोट उतरलं, केस काळे झाले. यंदा ती दहावीले आहे. गव्हाले हात लावत नाही. मैत्रिणीच्या लग्नात जाते तेव्हा पदराले भाकर बांधून नेते, लाजत नाही. चार डाग पोटावर आहेत, ते मात्र गेले नाहीत.

तुम्ही त्या भाकरीवरून एकदा फार मोठं बोलले, हसत हसत. आमच्या वावरात हुरडा खात बसलो होतो. म्हटलं, "आबा, तुमच्या घरची गव्हाची पोळी आमच्या टोपल्यात कधी पडली नाही, ते बरंच झालं. पोरीच्या कामी आलं." मी हसलो नाही. माझा घास तोंडातच राह्यला. तुम्ही कणीस चोळून माझ्या तळहातावर ओतलं अन् दुसरंच बोलाले लागले.

भांडण आपलं चालूच राह्यलं. मी म्हणायचो, पोरगी देऊळगावच्या बालाजीच्या नवसानं बरी झाली. तुम्ही म्हणायचे, हाव, मीच जाऊन सांगून आलो होतो बालाजीले, हिचा गहू बंद कर म्हणून. कोणाच्या लेकराचं पोट फुगलं की तुम्ही त्याले सरळ माझ्या ओट्यावर पाठवायचे, आबाले विचारा म्हणून. अन् मी, ज्यानं तुम्हाले ओट्यावरून उतरवलं, मी लोकाईले सांगत बसायचो, लाजू नका, शी दाखवा डाक्तरले, बायकोले बोलू द्या, तुम्ही मधात तोंड घालू नका. एका घरी बिब्बा तापवून राह्यले होते, तो मी हातानं हिसकला. बोट भाजलं. तुम्ही मलम लावलं अन् पुन्हा हसले. सारीच लेकरं मंजुळासारखी निघाली नाहीत. काही तुमच्या हातात गेली. अशा दिवशी तुम्ही आमच्या धुऱ्यावर येऊन बसायचे, बोलायचे नाही. मीबी बोलायचो नाही. आपण दोघं ज्वारीकडे पाहत बसायचो. तेवढं तुमचं माझं जमलं.

पण एक गोष्ट मी तुमची ऐकली नाही. "आबा, एक दिवस घरी जेवाले या. माय म्हणते." दरवर्षी. मी म्हणायचो, मी गव्हाचा माणूस, तुमच्या भाकरीनं माझं पोट भरत नाही. तुम्ही म्हणायचे, बरं, पुढच्या साली. बारा वेळा पुढचं साल झालं. तुम्हाले वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या मनात अजून तेच आहे. होतंबी. ते नुसतं तेच असतं तर मी कधीच मोडून टाकलं असतं. त्याच्याखाली दुसरं होतं. त्या उंबऱ्याच्या आत जाऊन बसलो असतो, तर दोन महिने बाहेर काऊन बसलो होतो, याचं उत्तर मले द्यावं लागलं असतं. तुम्हाले नाही, त्या बाईले.

काल तुम्ही ज्वारीतून आले अन् मी उत्तर द्यायच्या आत गेले. मी उठलो. घरी नाही गेलो. वावरातून सरळ खालच्या मोहल्ल्यात गेलो. उन्हं कलंडली होती. तुमच्या माय दाराशी बसल्या होत्या, जात्यावर फडकं झाकलेलं. तुम्ही गेल्यापासून दळलं नाही म्हणे. घरात बायाबापड्या येतात, शेजारची कोणी आयतं आणून देते, त्या खात नाहीत. मले पाहून त्या उठल्या नाहीत. मी तुमच्याबद्दल काहीतरी बोलीन म्हणून वाट पाहत होत्या. साऱ्याईनं तेच केलं होतं.

मी म्हटलं, "गयाबाई, मले भूक लागली."

त्यांनी माझ्याकडे पाह्यलं. मग जात्यावरचं फडकं काढलं. मी उंबरा ओलांडून आत गेलो अन् भिंतीले टेकून बसलो, तुमच्या फोटोखाली. त्या दळाले बसल्या. त्यांच्या एकट्यानं खुंटा फिरेना. मी पुढं सरकलो अन् खुंट्याले हात लावला. माझ्या जन्मात मी जात्याले हात लावला नव्हता. आम्ही दोघं मिळून दळलं, डाक्तर. एक आवाज येत होता, घरघर, घरघर, त्या दुपारी तुम्ही डोळे मिटून ऐकला होता तसा. मलेबी डुलकी लागल्यासारखं झालं. वाटलं, तुम्ही दाराशी सायकल टेकवून राह्यले.

मी खाताना त्यांनीबी एक तुकडा मोडला.

तुमची वही कुठं आहे मले माहीत नाही. म्हणून इथंच लिहितो. तुम्ही तिकडं लिहून घ्या.

काय खाल्लं: ज्वारीची भाकर, दीड. अंबाडीची भाजी, मिरची. वरून पाणी, दोन लोटे.

कोणाच्या घरी: गयाबाईच्या.

कसं: आत बसून.

पोट ठीक आहे.